नववीचा वर्ग आणि ‘क्षार’ या शब्दाची गफलत: नागपुरातल्या एका शाळेचा प्रकरण अभ्यास

प्रथम सत्राचे विज्ञानाचे पेपर मी घरी आणले होते. दिवाळीच्या सुट्ट्या दोन दिवसांवर होत्या आणि त्याआधी गठ्ठा संपवायचा होता. सातव्या पेपरवर माझा लाल पेन थांबला. प्रश्न सरळ होता: आम्ल (ॲसिड) आणि आम्लारी (बेस) यांची अभिक्रिया झाली की काय तयार होतं? उत्तर हवं होतं ‘क्षार (सॉल्ट) आणि पाणी’. मुलीनं लिहिलं होतं, ‘आम्ल + क्षार = लवण + पाणी’. पुढच्या पेपरात होतं, ‘आम्ल + क्षार = मीठ + पाणी’. त्याखालच्या प्रश्नात क्षाराचं एक उदाहरण मागितलं होतं. तिथं उत्तर होतं ‘सोडियम हायड्रॉक्साइड’, जे क्षार नाही, आम्लारी आहे.

मग मी बाकीचं सगळं सोडून फक्त हे दोन प्रश्न तपासत गेले. 38 पैकी 21 पेपरांत ‘क्षार’ हा शब्द चुकीच्या जागी बसला होता, आणि सगळीकडे एकाच चुकीच्या जागी. मुलं अभ्यास न करता चुकतात तेव्हा प्रत्येकाची चूक वेगळी असते. 21 मुलं एकाच वाटेनं चुकली, म्हणजे त्या वाटेवर त्यांना कुणीतरी नेलं होतं. नेणारी मीच होते, हे कळायला मला अर्धा तास लागला.

ही हकीकत सविस्तर लिहावीशी वाटली, कारण ऑनलाइन साहित्य शोधून वर्गात दाखवणारे आपण सगळेच रोज या जागेवरून जातो.

वर्ग आणि वस्ती

शाळा पूर्व नागपुरातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. आईवडील कळमना मार्केटात हमाली करतात, ऑटो चालवतात, धुणीभांडी करतात. दोघांची किराणा दुकानं आहेत. तीन-चार मुलं काटोल, कुहीकडून मामाकडे राहून शिकतात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, दुकानात दोन्ही एकाच वाक्यात. 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी इथं परकी नाही आणि ती कळते याचा मुलांना अभिमान आहे. मलाही आहे. म्हणूनच पुढची गोष्ट लक्षात आली नाही.

आमच्याकडे उन्हामुळे शाळा जून संपता संपता उघडते, त्यामुळे पहिलं सत्र धावपळीत जातं. ऑगस्टमध्ये नववीचा पाचवा पाठ आला, ‘आम्ल, आम्लारी व क्षार’. प्रयोगशाळेत लिटमस होता, सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली रिकामी होती. आदल्या रात्री मी फोनवर व्हिडिओ शोधला. मराठीत टाइप केलं तरी वर आले ते बहुतेक हिंदी. त्यातला एक खरंच सुंदर होता. काचेच्या भांड्यात रंग बदलताना जवळून दाखवलेले, बोलणारा माणूस शांत, आवाज स्वच्छ. डिजिटल रूममध्ये माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर तो लावला. मुलांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितला. मी मध्ये मध्ये थांबवून समजावलं. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आज पुरं समजलं.’ त्याचा पेपर त्या 21 मध्ये होता.

गफलत नेमकी कुठं

आपल्या बालभारतीच्या पुस्तकात ॲसिड म्हणजे आम्ल आणि बेस म्हणजे आम्लारी. पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क. आणि सॉल्ट म्हणजे क्षार.

एनसीईआरटीच्या दहावीच्या हिंदी पुस्तकात याच विषयाच्या पाठाचं नाव आहे ‘अम्ल, क्षारक एवं लवण’. तिथं बेस म्हणजे क्षारक, पाण्यात विरघळणारा क्षारक म्हणजे क्षार, आणि सॉल्ट म्हणजे लवण.

दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो. हिंदीतला क्षार हा आपला अल्क. आपला क्षार हा हिंदीतला लवण. अक्षरं तीच, उच्चार तोच, आणि अर्थ समीकरणाच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेलेला. शब्द अनोळखी असता तर मुलांनी हात वर करून विचारलं असतं. ओळखीचा होता म्हणून कुणी विचारलं नाही, आणि थांबवून समजावताना माझ्याही कानाला तो खटकला नाही.

त्यात घरचा अर्थ वेगळाच. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, हे मुलांना पाठ आहे. माठाच्या कडेला बसणारा पांढरा थर त्यांनी पाहिलेला आहे. म्हणजे पुस्तकातला अर्थ त्यांच्या घरातल्या अर्थाच्या जवळ होता, आणि मी तो एका तासात पुसून टाकला. याचं मला आजही वाईट वाटतं. व्हिडिओ बनवणाऱ्याची यात काही चूक नाही. त्याच्या पुस्तकाप्रमाणे तो बरोबरच बोलत होता.

सुट्टीतला शोध

या वेळी मी आधी शब्द लिहून काढले आणि नंतर शोधायला बसले.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, मराठीही आणि इंग्रजीही. नववीच्या विज्ञानाची दोन्ही पुस्तकं उतरवून घेतली आणि तोच पाठ दोन खिडक्यांत शेजारी शेजारी उघडला. परिच्छेदाला परिच्छेद जुळतो, आकृतीला आकृती जुळते. इतका नेमका शब्दकोश मला दुसरीकडे मिळाला नसता, आणि इतकी वर्षं तो माझ्या हाताशी होता. मराठी पुस्तकात महत्त्वाच्या शब्दापुढे इंग्रजी प्रतिशब्द दिलेला असतोच. पण पूर्ण वाक्य दोन्ही भाषांत वाचलं की शब्द कुठं कसा वळतो ते दिसतं. दर्शक, सामू, उदासिनीकरण, संहती असे 14 शब्द निघाले. तिसऱ्या रकान्यात एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकातले शब्द भरले. दर्शकाला, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणाऱ्या पदार्थाला, तिथं सूचक म्हणतात आणि सामूला सरळ पीएच.

सेमी इंग्रजी तुकडीला शिकवणाऱ्या सरांना मी हा कागद फोनवर पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. ‘मॅडम, माझ्या पोरांचं उलटं आहे. सॉल्ट विचारा, धडाधड सांगतात. क्षार म्हटलं की गप्प. घरी आई पाण्यातल्या क्षाराबद्दल बोलते, अन् हा तोच सॉल्ट आहे हे त्यांना माहीतच नाही.’ म्हणजे हा कागद त्यांच्याही कामाचा होता.

मग दीक्षा. हे केंद्र सरकारचं व्यासपीठ 2017 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं आणि आपल्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्याच्याशी जोडलेले आहेत. पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या कोडनं अख्खं पुस्तक उघडतं, आणि पाठातल्या कोडनं त्या पाठाचं दृकश्राव्य साहित्य. माझ्या वर्गात निम्मी पुस्तकं मोठ्या भावाबहिणीकडून आलेली, कोड पुसट झालेले. पण कोडखाली छापलेली सहा अक्षरं-अंक ॲपमध्ये टाइप केली तरी तोच पाठ उघडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणखी एक गोष्ट: ॲप सुरुवातीला मंडळ, माध्यम आणि इयत्ता विचारतं. घाईत आपण काहीतरी निवडून पुढे जातो. तिथं महाराष्ट्र, मराठी, नववी हे नीट भरलं की समोर येणारं साहित्य आपल्या पुस्तकाच्या शब्दांच्या जवळचं असतं. ते आधीच डाउनलोड करून ठेवता येतं, वर्गात नेट लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी फेटवर घालवला. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प 2002 मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. इथं व्हिडिओ नसतात, प्रतिकृती असतात. आपण नळ सोडायचा, आपण थेंब टाकायचा, आपणच मोजायचं. कितीतरी प्रतिकृती मराठीत उपलब्ध आहेत, आणि प्रतिकृती फाइल म्हणून उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली की बिननेटची चालते. मला पीएच मोजायची प्रतिकृती हवी होती. हा आकडा सातच्या खाली असला की पदार्थ आम्लधर्मी, सातच्या वर असला की आम्लारीधर्मी. एक भांडं, वर ड्रॉपर, बाजूला पाण्याचा नळ. दूध, कॉफी, साबण, रक्त, असे रोजच्यातले पदार्थ निवडता येतात. त्या यादीत संत्र्याचा रसही आहे आणि त्याचा पीएच 3.5 दाखवतात. नागपूरच्या मास्तरणीला याहून जास्त काय हवं!

या प्रतिकृतीचे गुण सांगताना एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. या साधनात बोलणारं कुणी नसतं. शब्द माझे असतात, म्हणजे माझ्या पुस्तकाचे. ज्या साधनात आवाज नाही ते भाषेच्या बाबतीत सगळ्यात सुरक्षित, असं माझं आता ठाम मत आहे. चांगला फोटो, चांगली आकृती, चांगली प्रतिकृती ही कोणत्याही देशातून घ्यावी. बोलणारा व्हिडिओ घ्यायचा तर तो शेवटपर्यंत, पुस्तक समोर ठेवून ऐकावा. मी पहिला व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला होता, पण पुस्तक मिटलेलं होतं.

एक समजूत मात्र या शोधात मोडली. मराठीत आहे म्हणजे आपल्या मुलांसाठी चालेल, असं मी धरून चालले होते. मराठी विश्वकोशाचे सगळे खंड आता ऑनलाइन वाचायला मिळतात, ही मोठीच सोय आहे. मी तिथं आम्लांबद्दल वाचायला गेले. तिथं अम्ल आहे, क्षारक आहे, लवण आहे. अभिक्रियेला विक्रिया म्हटलंय. म्हणजे विश्वकोशाची मराठी या विषयात शालेय पुस्तकापेक्षा हिंदीच्या शेजारी बसते. दोन्ही आपापल्या जागी पक्क्या परिभाषा आहेत. पण चौदा वर्षांच्या मुलाला दोन्ही एकदम दिल्या तर तो बुडतो. विश्वकोश मी माझ्या वाचनासाठी ठेवला आणि त्यातून मला बरंच मिळालं. वर्गात त्यातला उतारा लावला नाही.

बाकीचं थोडक्यात. अरविंद गुप्तांच्या साइटवरची मराठी पुस्तकं मी या पाठासाठी वापरली नाहीत, पण टाकाऊतून विज्ञानाची साधनं करायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. इंग्रजी वर्कशीट पुष्कळ सापडल्या. बहुतेक देखण्या होत्या, पण मुलानं विचार करावा असा प्रश्न त्यांत क्वचितच होता, म्हणून सोडून दिल्या.

संत्री, चुना आणि मोरचूद

दिवाळीनंतर बाजारात आंबिया बहाराची संत्री आली होती. मी दोन डझन घेतली. पानठेल्यावरून चुन्याची पुडी आणली. घरून हळद, लिंबू, धुण्याचा सोडा. प्रयोगशाळेतून पीएच पेपर.

सुरुवातीला मी मुलांना खरं सांगितलं. पाठ शिकवताना मी तुम्हाला एका शब्दात चुकीच्या वाटेवर नेलं, ते आज दुरुस्त करायचं आहे. वर्ग शांत झाला. तीन रकान्यांची कार्डशीट फळ्याशेजारी लावली. लवण लिहिणारी मुलगी ती वाचत राहिली आणि म्हणाली, ‘मंजे मी हिंदीच्या हिशोबानं बरोबर लिवलं होतं न, मॅडम?’ अर्धं हिंदीच्या, अर्धं मराठीच्या, असं मी म्हटलं. तिनं मान डोलावली. तिला आपण मूर्ख नाही हे कळायची गरज होती आणि ते खरंही होतं.

मग प्रतिकृती. पडद्यावर संत्र्याचा रस, 3.5. मी नळ सोडला. पाणी वाढत गेलं तसा आकडा वर सरकत गेला. सातच्या पुढे जाईल का, असं विचारलं. निम्म्या वर्गानं हो म्हटलं. भांडं भरलं तरी आकडा सातच्या अलीकडेच राहिला. पाणी टाकून आम्लाची आम्लारी होत नाही, हे मी फळ्यावर लिहून कधी इतकं पटवू शकले नव्हते. त्यानंतर मुलांनी खरी संत्री पिळली आणि पीएच पेपर बुडवला. रंग तीन आणि चारच्या मध्ये आला. पडद्यावरचा आकडा आणि हातातला कागद जुळला तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मी थांबवला नाही.

हळदीचं पाणी कागदावर लावून वाळवलं. त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब पडताच लाल डाग. कुंकू असंच करतात हे एका मुलीच्या आजीला माहीत होतं, मुलीनं ते सांगितलं. लाल डागावर लिंबू पिळलं की परत पिवळा.

काटोलकडचा मुलगा एरवी बोलत नाही. क्षाराची उदाहरणं लिहीत होतो. मीठ, धुण्याचा सोडा, मग मी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, लिहिलं. तो उठून उभा राहिला. ‘मॅडम, मोरचूद आमच्या घरी असते. आजोबा चुन्यात मिसळून झाडाले लावतात.’ तो बोर्डो मलमाबद्दल बोलत होता. संत्र्याच्या खोडाला डिंक्या रोग लागू नये म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ते लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. काटोल रोडनं गेलं की रंगवलेली खोडं दिसतात. ती पाहिलेली सगळ्यांनी, पण त्यात आपला पाचवा पाठ आहे हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

‘अन् विळा बुडवून पाहतात,’ तो म्हणाला. ‘विळ्यावर लाल चढलं तं अजून चुना टाका लागते.’

मी त्याला पुढे बोलावलं आणि हे परत सांगायला लावलं. मग हातमोजे घालून मीच मोरचुदाचं थोडं द्रावण केलं, कारण ते विषारी असतं. निळा लिटमस बुडवला, तो तांबडा झाला. क्षार आहे, पण आम्लधर्मी आहे. लोखंडी खिळा बुडवला, थोड्या वेळात त्यावर तांब्याचा तांबूस थर आला. चुन्याची निवळी घालत गेलो आणि लिटमस परत परत लावत गेलो, शेवटी तो तांबडा व्हायचा थांबला. आम्लारी, क्षार, दर्शक, तिन्ही शब्द एका बीकरमध्ये, आणि ते मांडणारा मुलगा वर्गातला सगळ्यात अबोल.

त्या संध्याकाळी मी बोर्डोबद्दल ऑनलाइन शोधलं. शेतकऱ्यांसाठी मराठीत लिहिलेलं नेमकं, प्रमाणासकट साहित्य भरपूर आहे. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था तर आमच्या नागपुरातच, अमरावती रोडवर आहे. शैक्षणिक साहित्य म्हणून शोधलं असतं तर यातलं काही माझ्यासमोर आलं नसतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी शेतीचं, आरोग्याचं, पाणीपुरवठ्याचं मराठी साहित्य मुद्दाम चाळावं, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. त्यातली मराठी मुलांच्या घरची असते.

पुढे काय झालं

डिसेंबरमध्ये दहा गुणांची छोटी चाचणी घेतली. 36 मुलं हजर होती. क्षाराच्या प्रश्नात चार चुकली. हे यश नेमकं कशाचं, ते मी सांगू शकत नाही. पाठ दुसऱ्यांदा शिकवला, एवढ्यानंही फरक पडला असता. पण चुकलेल्या चारांपैकी तिघांच्या चुका वेगवेगळ्या होत्या. जुन्या वाटेनं गेलेला एकच होता. तो त्या संत्र्याच्या दिवशी गैरहजर होता. त्याला मी मधल्या सुट्टीत बोलावून कार्डशीटपुढे उभं केलं आणि खिळ्याचा प्रयोग त्याच्याच हातून करवला, मोजे घालून.

साहित्य निवडायची माझी सवय बदलली आहे. पाठाची सुरुवात आता शब्दांच्या रकान्यांपासून होते. त्याला पहिल्यांदा दोन तास लागतात, पुढच्या वर्षी अर्धा. हिंदी व्हिडिओ मी बंद केलेले नाहीत. आठवड्यापूर्वीच एक लावला, पण आधी फळ्यावर लिहिलं: हे सर ज्याला सूचक म्हणतील तो आपला दर्शक. मुलं आता स्वतःच शब्द पकडतात आणि मध्येच ओरडतात.

कार्डशीटवर 19 ओळी झाल्या आहेत. लवण लिहिणारी मुलगी तिच्या चुलतभावाचं हिंदी पुस्तक घेऊन आली होती. धाराविद्युतचा पाठ आमचा कधीच संपला होता. तरी तिनं तो परत काढला आणि रोधासमोर प्रतिरोध, एकसर जोडणीसमोर श्रेणीक्रम अशा दोन ओळी स्वतःच्या अक्षरात भरल्या. तिनं खाली जागा सोडली आहे आणि पेन्सिलनं बारीक लिहिलंय, ‘दहावी’.